ग्रेडेड रुपयांची अदलाबदल : समोरचा म्हणतोय बरोबरीचा सौदा, तुम्हाला काय वाटतं?

कराडकर_नाणी

नमस्कार मंडळी, एक सल्ला हवाय. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

माझ्याकडे पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया आहे, मुंबई टाकसाळ, एनजीसी या ग्रेडिंग कंपनीच्या स्लॅबमध्ये (म्हणजे सीलबंद प्लास्टिकच्या डबीत), ग्रेड एमएस ६२ (एमएस म्हणजे न वापरलेलं नाणं, आकडा ७० पैकी). लिलावात घेतलेला आहे, बिल आहे, सगळं व्यवस्थित. आता आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले एक जण गेले महिनाभर तो मागतायत. विकायचा नाही म्हटल्यावर अदलाबदल करू म्हणाले आणि त्यांनी दोन ऑफर दिल्यात.

पहिली ऑफर, चौथ्या विल्यमचा १८३५ चा रुपया पीसीजीएस (ही दुसरी ग्रेडिंग कंपनी) एयू ५८ (एयू म्हणजे जवळजवळ न वापरलेला), आणि त्याच्यासोबत राणीछाप १८६२ चा रुपया एनजीसी स्लॅबमध्येच पण लेबलवर 'एयू डिटेल्स, क्लीन्ड' असं लिहिलेला. म्हणजे एकाच्या बदल्यात दोन.

दुसरी ऑफर, १९१८ चा मुंबई टाकसाळीचा रुपया एमएस ६४, सरळ एकास एक. यावर त्यांचं म्हणणं की राजा तोच, चांदी तीच, वजन तेच, आणि ग्रेड तुझ्यापेक्षा दोन पॉइंट वरचा, म्हणजे फायदा तुलाच आहे.

त्यांनी मला किमतींचा एक कागद पण पाठवलाय. त्यात त्यांच्या नाण्यांच्या किमती परदेशी साइटवर लोकांनी लावलेल्या आहेत त्या घेतल्यात आणि माझ्या नाण्याला मी लिलावात ज्या बोलीला घेतला ती बोली धरलीय, कारण मीच एकदा गप्पांत त्यांना ती सांगितली होती. त्या कागदाप्रमाणे पहिल्या ऑफरमध्ये मलाच जास्त मिळतंय असं दिसतं. माणूस चांगला आहे, वयाने मोठे आहेत, मी त्यांना काका म्हणतो, फसवतायत असं मला अजिबात वाटत नाही, पण कागद बघून काहीतरी खटकतंय आणि नेमकं काय ते सांगता येत नाहीये. माझ्याकडे विल्यम नाहीये आणि मला तो हवाय हेही खरं.

तर अशा वेळी सौदा बरोबरीचा आहे की नाही हे तुम्ही कसं ठरवता? ग्रेडचा आकडा बघायचा, कॅटलॉग बघायचा, की काय?

टाकसाळकर

खटकतंय ते बरोबर खटकतंय. दोन बाजूंना दोन वेगळी मापं लावलीत.

काकांच्या नाण्यांना मागितलेली किंमत लावलीय आणि तुझ्या नाण्याला मिळालेली. मागायला कोणी काहीही मागेल, एखादा स्लॅब साइटवर तीन तीन वर्षं त्याच भावात पडून असतो आणि लोक तोच भाव 'मार्केट रेट' म्हणून एकमेकांना सांगत राहतात. विकलं गेलेलं नाणं कितीला गेलं एवढाच भाव खरा. आणि तुझ्या बाबतीत तर त्यांनी नुसती बोली धरलीय, हॅमर, म्हणजे हातोडा पडला तेव्हाची शेवटची बोली. तू काय तेवढेच पैसे भरलेस का? त्याच्यावर लिलाववाल्यांचा प्रीमियम, मग जीएसटी, मग घरपोच यायचा खर्च. समजा बोली २०,००० ला तुटली आणि प्रीमियम १५ टक्के असला तर तिथेच २३,००० झाले, वर कर वेगळा. तेव्हा एक काय ते ठरवा. दोघांच्याही नाण्यांची हॅमर धरा नाहीतर दोघांच्याही नाण्यांचा हातात पडेपर्यंतचा खर्च धरा. एकाची ही आणि दुसऱ्याची ती असं करून केलेला हिशोब कितीही टापटीप लिहिला तरी त्याला काही अर्थ नाही.

काका मुद्दाम करतायत असं मीही म्हणत नाही, आपल्या नाण्याची किंमत सगळ्यांनाच जरा वरची दिसते, सगळ्या संग्राहकांचं तसंच असतं, म्हणूनच माप आधी ठरवायचं आणि नाण्यांची नावं नंतर घ्यायची.

मी करतो ते सांगतो. तोडीवाला, मरुधर, ओसवाल, राजगोर, अहमदाबादची क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी, या लोकांच्या झालेल्या लिलावांचे निकाल बघायला मिळतात, बाहेर हेरिटेज, स्टॅक्स बॉवर्स यांचे जुने निकाल बघता येतात. त्यात तंतोतंत तेच नाणं शोधायचं, म्हणजे तेच वर्ष, तीच टाकसाळ, तोच ग्रेड, आणि शक्यतो तीच ग्रेडिंग कंपनी. तीन-चार निकाल मिळाले की सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा बाजूला ठेवायचा. वरच्याच्या मागे बऱ्याचदा दोन हट्टी माणसं असतात, खालच्याच्या मागे खराब फोटो नाहीतर रिकामा हॉल. जे मधे राहतं त्याच्यावर बोलायचं. आणि निकाल जुने नकोत, चांदी चढली की साध्या रुपयांचा तळच वर जातो कारण हे सगळे रुपये ११.६६ ग्रॅमचे आणि त्यात १२ पैकी ११ भाग चांदी, म्हणजे चांदीच जवळजवळ १०.७ ग्रॅम. साध्या नाण्याच्या किमतीत चांदीचा वाटा मोठा असतो, दुर्मिळ नाण्यात नसतो, त्यामुळे चांदी वाढल्यावर दोघांमधलं अंतर बदलतं. तीन वर्षांपूर्वीचा निकाल एका बाजूला आणि मागच्या महिन्यातला दुसऱ्या बाजूला ठेवलास तर परत तेच, दोन मापं.

रुपयांत आकडे मांडायला अवघड वाटत असेल तर तुझ्या १९११ ला १०० धर आणि बाकीची नाणी त्याच्या किती टक्के येतात ते बघ. समोरच्याशी बोलायलाही सोपं जातं, कारण मग तू 'तुमच्या नाण्याची किंमत कमी आहे' असं म्हणत नाहीस, फक्त प्रमाण दाखवतोस.

दोन पॉइंट जास्त वाल्या मुद्द्याबद्दल. हा ७० चा स्केल डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी काढला आणि तेव्हा त्यांची कल्पना खरंच अशी होती की ७० ग्रेडचं नाणं १ ग्रेडच्या ७० पट किमतीचं. म्हणजे आकडा हाच किमतीचा गुणक. पण ते त्या सेंटपुरतंच आणि तिथेही पुढे टिकलं नाही. आज ६४ हा आकडा फक्त एवढंच सांगतो की त्या नाण्याची अवस्था कशी आहे. कोणत्या नाण्याची, हे त्यात कुठेच नाही. १९१८ चा ६४ आणि १९११ चा ६२ यांची आकड्यावर तुलनाच होत नाही, १९११ चा ६२ आणि १९११ चा ६४ अशीच होते.

मृणाल_सोलापूर

टाकसाळकरांनी मापाचं सांगितलंच आहे, मी १९११ आणि १९१८ बद्दल बोलते कारण पाचवा जॉर्ज हाच माझा मुख्य संग्रह आहे आणि ती दुसरी ऑफर वाचून मला राहवलं नाही.

दादा, दुसरी ऑफर कृपया बाजूलाच ठेवा. १९११ च्या रुपयात राजाच्या झग्यावर ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायरची माळ आहे, त्यातल्या हत्तीची सोंड आणि पाय इतके आखूड कोरले गेले की लोकांना तो डुकरासारखा दिसला. मुस्लिम समाजात त्यावरून नाराजी झाली, सरकारने नाणं मागे घेतलं, आणि १९१२ पासून हत्ती नीट सोंड दिसेल असा नव्याने कोरला. म्हणून त्याला सगळे पिग रुपी म्हणतात. कलकत्ता आणि मुंबई मिळून कॅटलॉगमध्ये ९४ लाखांच्या आसपास पाडल्याचा आकडा आहे पण त्यातले साधारण ७ लाखच लोकांच्या हातात गेले, उरलेले वितळवले. शिवाय तो हत्तीचा प्रकार फक्त त्या एकाच वर्षाचा, त्यामुळे ज्याला पाचव्या जॉर्जचे रुपये पूर्ण करायचेत त्याला १९११ घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. प्रत्येकाच्या यादीत ती एक रिकामी जागा असते.

१९१८ ची गोष्ट बरोबर उलटी आहे. पहिल्या महायुद्धात चांदीची एवढी ओढाताण झाली होती की लोक नोटा आणून रुपये मागायला लागले, तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या एप्रिलमध्ये पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले, २७ कोटी डॉलर, आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला हिंदुस्थानसाठी विकली. त्या वर्षी मुंबई आणि कलकत्ता दोन्हीकडे प्रत्येकी २० कोटींहून जास्त रुपये पाडले गेले. म्हणजे आज कुठल्याही सराफाकडे जुने रुपये बघायला मागितले तर त्यात १९१८ असतोच. मला स्वतःला १९१८ फार आवडतो, त्यामागे एवढा मोठा इतिहास आहे, पण एमएस ६४ मध्ये सुद्धा तो शोधायला फार फिरावं लागत नाही, आज नाही मिळाला तर पुढच्या लिलावात मिळेल. तुमचा ६२ तसा नाही.

अजून एक, जे भावात धरलं जात नाही पण धरायला हवं. कोणतं नाणं पटकन विकलं जाईल? उद्या घरात अडचण आली आणि १९११ विकायला काढलात तर दोन दिवसांत फोन येतील. विल्यमचं एयू ५८ पण विकलं जाईल, फक्त थोडं थांबावं लागेल. 'डिटेल्स' वालं मात्र तुमच्याकडेच राहण्याची शक्यता जास्त. अदलाबदलीत जो माणूस पटकन विकलं जाणारं नाणं देतो त्याने थोडं वर मागायला काहीच हरकत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईचा आहे हे तुम्ही बघितलं असेलच, उलट्या बाजूला खाली कमळाच्या फुलाखाली बारीक उठाव दिलेला टिंब असतो, कलकत्त्याला तो नसतो. स्लॅबच्या लेबलवर टाकसाळ लिहिलेली असली तरी लेबल वाचून थांबू नका, टिंब डोळ्यांनी बघा.

कराडकर_नाणी

टाकसाळकर साहेब, मृणालताई, खूप आभार. टिंब आहे, भिंगातून बघितला. १९१८ ची ऑफर डोक्यातून काढून टाकली.

पण त्या 'डिटेल्स' बद्दल अजून सांगाल का कोणी? काका म्हणतात की एयू म्हणजे एयू, नाणं अस्सल आहे हे एनजीसीनेच सांगितलंय, घासलंय एवढंच, आणि राणीचा १८६२ चा रुपया एयूमध्ये आजकाल चांगल्या भावाला जातो. आणि ते पॉप्युलेशनचं पण सांगतायत की विल्यमचे त्या ग्रेडमध्ये फार थोडे आहेत.

चांदीवाला_नाशिक

डिटेल्सबद्दल मी सांगतो, रोज हातातून जातात.

एनजीसी जेव्हा 'एयू डिटेल्स, क्लीन्ड' लिहिते तेव्हा ती म्हणते की झीज बघितली तर हे नाणं एयूच्या जागेवर आहे, पण पृष्ठभाग कोणीतरी बिघडवलाय म्हणून आम्ही त्याला आकडा देत नाही. आकडा दिलेला नाही हाच मुद्दा आहे. म्हणून त्याच्यापुढे एयू ५० नाहीतर ५५ चा भाव लिहायचाच नाही, तो वेगळ्या नाण्याचा भाव आहे. डिटेल्सवाल्या नाण्याचा भाव डिटेल्सवाल्या नाण्यांच्याच निकालांत शोधायचा.

आपल्याकडे राणीछाप रुपया स्वच्छ न केलेला मिळणं अवघड का आहे ते घराघरात बघा. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी देव्हाऱ्यातली चांदीची नाणी राख, चिंच, रांगोळी, आता टूथपेस्ट, जे हाताला लागेल त्याने घासून लख्ख करायची हा शंभर वर्षांचा रिवाज. पूजेसाठी ते बरोबरच आहे, पण घासताना चांदीच्या अंगावरची मूळ चमक, नाणं फिरवलं की गोल फिरणारी ती रेघ, ती जाते आणि तिच्याजागी एकाच दिशेने गेलेले केसाएवढे बारीक ओरखडे येतात. ती परत येत नाही. दुसरं म्हणजे हार. राणीछाप रुपयांचे हार बायकांच्या गळ्यात असायचे, त्याला कडी डाक लावून जोडलेली असायची, पुढे हार मोडला की कडी काढून जागा घासून सपाट करायची. त्याला लेबलवर 'माउंट रिमूव्हड' येतं. ते तर क्लीन्डच्याही खालचं. तुझ्यावालं नुसतं क्लीन्ड आहे तरी कडेला बारा वाजताच्या जागेवर एकदा बघून घे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर काकांवर अन्याय होईल. १८६२ हे साल नाण्यावर पुढे १८७४ पर्यंत तसंच ठेवलं होतं, आणि मुंबईच्या टाकसाळीने वर्षं ओळखायला मागच्या बाजूला बारीक टिंबं दिली. त्या टिंबांच्या संख्येवर आणि राणीच्या चेहऱ्याच्या, उलट्या बाजूच्या नक्षीच्या प्रकारांवर या नाण्याचा आख्खा वेगळा संग्रह होतो. काही जोड्या ढिगाने मिळतात, काहींसाठी लोक वर्षानुवर्षं थांबलेत. स्लॅबवर हे लिहिलेलं असेलच असं नाही. तर टिंबं मोज आणि प्रकार ओळखून घे. साधा प्रकार असेल तर घासलेला साधा रुपया, चांदीपेक्षा थोडा वर, एवढंच. दुर्मिळ प्रकार असेल तर घासलेला असूनही त्याला माणूस मिळेल. काकांनी बघितलेलं नसेल तर तू बघून त्यांना सांग, हे लपवून सौदा करू नये. पुढेही त्यांच्याशीच व्यवहार करायचाय तुला, एकाच ग्रुपमध्ये आहात.

पॉप्युलेशनबद्दल, तो आकडा म्हणजे त्या कंपनीकडे त्या ग्रेडमध्ये किती वेळा नोंद झाली, नाणी किती आहेत ते नाही. लोक वरचा ग्रेड मिळेल म्हणून स्लॅब फोडून तेच नाणं परत परत पाठवतात, प्रत्येक वेळी नोंद वाढते, जुनं लेबल परत केलं नाही तर ती कमी होत नाही. उलट आपल्याकडची बरीच चांगली नाणी अजून डबीत, पाकिटात, ग्रेड न झालेली पडून आहेत, ती त्यात कुठेच नाहीत. हिंदुस्थानी नाण्यांत तो आकडा थोडा दिसला म्हणून नाणं दुर्मिळ असं समजू नका. आणि तो एयू ५८ चा आकडा आहे ना? मग त्याच्या वरच्या ग्रेडमध्ये किती आहेत तेही काकांना विचार. ५८ मध्ये थोडे आणि वर ढीगभर असं असेल तर त्या 'थोडे' ला काय करायचं?

विश्वास_ठाणे

सगळं वाचलं, माहिती छान आहे, पण मला एक वेगळं वाटतं आणि ते मी बोलणार. आपण संग्राहक आहोत, व्यापारी नाही. मी गेली कितीतरी वर्षं अदलाबदल करतोय आणि माझा नियम साधा आहे, घरी आल्यावर मिळालेलं नाणं बघून आनंद झाला आणि दिलेल्याची आठवण येऊन त्रास झाला नाही तर सौदा बरोबरीचा. कराडकरांना विल्यम हवाय. काकांना १९११ हवाय. दोघांची इच्छा पूर्ण होतेय. टक्के काढत बसलं की त्यातला जिव्हाळा जातो, आणि ग्रुपमधल्या माणसाशी तर तो जपायला हवा.

टाकसाळकर

विश्वासराव, जिव्हाळ्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण मी म्हणतो टक्के आधी काढा आणि मग मनाप्रमाणे करा. कराडकरला विल्यम एवढा हवा असेल की तो दहा टक्के कमी घेऊन पण खूश आहे तर त्याने खुशाल घ्यावा, ती त्याची हौस आणि हौसेला मोल द्यावंच लागतं. फक्त आपण दहा टक्के हौसेचे दिले हे त्याला माहीत असलं पाहिजे. सहा महिन्यांनी लिलावाचा निकाल बघून कळलं की चाळीस टक्के गेले, तर ग्रुपमधल्या त्याच काकांबद्दल मनात जे येईल त्याने जिव्हाळा जास्त जाईल. मी असे दोन जुने मित्र कायमचे बोलायचे बंद झालेले बघितलेत, आणि दोघांपैकी एकानेही खोटं बोललेलं नव्हतं.

आणि एक रीत आपल्यात पहिल्यापासून आहे ती सांगतो. जो मागायला येतो त्याने थोडं जास्त द्यायचं. इथे मागायला काका आलेत. कराडकर आपण होऊन विल्यम मागायला गेला असता तर थोडं जास्त त्याने द्यायचं. बरोबरी म्हणजे दोन्ही पारडी अगदी एका रेषेत असा माझा आग्रह नाही, पाच-सात टक्के इकडे तिकडे असतातच, तेवढं कोणालाच अचूक ठरवता येत नाही. त्याच्या पलीकडचं अंतर रोख रकमेने भरायचं. जास्तीचं नाणं देऊन भरायला गेलं की बऱ्याचदा आपल्याला नको असलेलं नाणं समोरच्याच्या गळ्यात पडतं, आणि इथे तो १८६२ तसाच आलाय असं मला वाटतं.

पेशवाई_रुपया

मधेच विचारतो, माफ करा. माझ्याकडे अंकुशी रुपया (पेशवाईतला, अंकुशाची खूण असलेला) आहे, ग्रेड केलेला, व्हीएफ ३५. समोरचा एक्सएफ ४०, म्हणजे एक पायरी वरचा, देतोय आणि वर पैसे मागतोय. तिथे पण हेच माप का?

चांदीवाला_नाशिक

निकाल बघायची पद्धत तीच, पण हाताने पाडलेल्या नाण्यात ग्रेडच्या आकड्याला अजून कमी महत्त्व दे. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर ठशाचा वेगवेगळा भाग उमटलाय. अंकुश पूर्ण दिसतोय का, साल वाचता येतंय का, टाकसाळीचं नाव चकतीवर आलंय का, त्यावर भाव ठरतो. साल आणि अंकुश दोन्ही नीट असलेला व्हीएफ ३५ मी साल कापलं गेलेल्या एक्सएफ ४० साठी कधीच देणार नाही, वर पैसे तर लांबच. दोघांचे फोटो वेगळा धागा काढून टाक, तिथे बोलू, नाहीतर कराडकरांचा विषय बाजूला पडेल.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत असतो, मूळचा साताऱ्याचा. कराडकर, तुमच्या १९११ च्या बदल्यात माझ्याकडे एमएस ६३ ग्रेडचा विल्यम आहे, एनजीसी. डिटेल्स वगैरे भानगड नाही. तुम्ही पार्सलने पाठवलात तर मीही लगेच पाठवतो. हिशोब मी दोन्हीकडचा हेरिटेजच्या निकालांवरून द्यायला तयार आहे, माझं नाणं जास्तीचं निघालं तर फरक तुम्ही द्या, तुमचं निघालं तर मी देईन.

टाकसाळकर

एडिसनकर, ऑफर सरळ आहे आणि हिशोबाची पद्धत मला आवडली, पण हे होणार नाही आणि कराडकरने याच्या वाटेला जाऊ नये. १९७२ च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स अ‍ॅक्टप्रमाणे १०० वर्षांहून जुनं नाणं हे पुरावशेष धरलं जातं आणि ते देशाबाहेर पाठवायची मुभा केंद्र सरकार आणि सरकारने नेमलेली संस्था सोडून कोणालाच नाही. १९११ ला शंभर वर्षं कधीच झाली. नाणं परदेशी कंपनीच्या स्लॅबमध्ये आहे, कधीतरी बाहेरूनच आलंय, असं पार्सल पकडलं गेल्यावर सांगून उपयोग नाही. गिफ्ट म्हणून पाठवलं तरी ती निर्यातच. तुम्ही सुट्टीला इकडे आल्यावर बॅगेतून परत नेणं हेही तेच.

बाहेरचे निकाल वापरताना पण हा कायदा लक्षात ठेवा. जे नाणं इथून बाहेर जाऊच शकत नाही त्याला तिकडचा भाव मिळेल असं धरून चालता येत नाही. आणि तिकडून इकडे आणायचं तर कस्टम, कर, पाठवणी. दोन बाजारांमधे भिंत आहे, त्यामुळे इथल्या सौद्याला आधी इथले निकाल, बाहेरचे फक्त इथे काहीच मिळालं नाही तर अंदाजापुरते. काकांच्या कागदात हाही एक घोळ आहे.

कराडकर_नाणी

दोन रविवार बसून सगळं केलं, इथे लिहितो म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

फक्त भारतातल्या लिलावांचे निकाल घेतले, गेल्या दोन वर्षांतले, सगळीकडे हॅमरच धरली. १९११ ला १०० धरलं. विल्यमच्या ५८ चे मोजकेच निकाल मिळाले म्हणून ५५ आणि एमएस ६१ चे पण बघितले, म्हणजे वरची खालची हद्द कळते, आणि त्यात तो साधारण ७० च्या आसपास बसला. १८६२ ची टिंबं काकांकडून फोटो मागवून मोजली, साधा प्रकार निघाला, नेहमी मिळणारा, तो घासलेला असल्यामुळे १० च्या वर काही जाईना. म्हणजे पहिली ऑफर ८० च्या आसपास. १९१८ तर १०० च्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचला नाही, मृणालताई म्हणाल्या तसंच.

मग काकांना फोन केला. आधी आकडे नाही सांगितले, आधी विचारलं की काका दोघांचीही हॅमर धरू की दोघांचाही घरपोच खर्च, तुम्ही म्हणाल ते. ते म्हणाले हॅमर. मग सगळे निकाल तारखांसकट त्यांना पाठवले. त्यांनी दोन निकाल दाखवले जे मला सापडले नव्हते, एक विल्यम ५८ चा बऱ्यापैकी वर गेलेला, सुंदर निळसर टोनिंगचा (म्हणजे काळाने चांदीवर चढलेल्या रंगाचा). तो धरून विल्यम ७५ ला नेला, मला पटलं कारण काकांच्या नाण्यावरही तसंच मूळ टोनिंग आहे, कोणी नंतर आणलेलं वाटत नाही. १८६२ त्यांनी स्वतःच मागे घेतला. राहिलेल्या २५ पैकी २० रोख द्यायला तयार आहेत, ५ मी विल्यमच्या हौसेचे सोडतोय. विश्वासराव, तुमचंही ऐकलं बघा.

आता प्रश्न प्रत्यक्ष देवाणघेवाणीचा. ते कोल्हापूरला, मी कराडला. कुरिअर करावं का? आणि आधी कोणी पाठवायचं?

मृणाल_सोलापूर

इतक्या जवळ आहात तर कुरिअर कशाला दादा, एका एसटीचं अंतर आहे. समोरासमोर भेटा, घरी किंवा ओळखीच्या सराफाकडे. बऱ्याच कुरिअरवाल्यांच्या अटींत नाणी आणि दागिने वगळलेले असतात, पार्सल हरवलं तर भरपाई मागायलाही तोंड राहत नाही. लांबचा व्यवहार असता तर पोस्टाचं इन्शुअर्ड पार्सल आणि दोघांच्या ओळखीचा तिसरा माणूस मधे, किंवा पुण्याच्या कॉइनेक्ससारख्या प्रदर्शनात भेट, हेच मी सुचवलं असतं.

चांदीवाला_नाशिक

७५ आणि २० ला माझा होकार, चांगला सौदा आहे दोघांसाठी.

भेटायला जाण्याआधी सर्टिफिकेट नंबर पीसीजीएसच्या साइटवर टाकून बघ, आणि नुसता नंबर जुळला म्हणून खूश होऊ नको. खोट्या स्लॅबवर खऱ्या नाण्याचाच नंबर छापलेला असतो. साइटवर फोटो असेल तर तो मोबाइलवर उघडून प्रत्यक्ष नाण्याशी लाव, टोनिंगचे डाग कुठे आहेत, राजाच्या गालावरचा एखादा ओरखडा, ती खूण जुळली पाहिजे. नवीन स्लॅब असेल तर पीसीजीएसच्या स्लॅबमध्ये चिप असते, मोबाइल टेकवला की नोंद उघडते. प्लास्टिकच्या कडेला तडा, उकललेली शिवण, पांढरट डाग बघ. काकांनाही तुझ्या १९११ चं हे सगळं करू दे, तू आपण होऊन सांग, म्हणजे त्यांना मागायला अवघड वाटणार नाही.

विल्यमची मान जिथे कापल्यासारखी संपते तिथे भिंगातून बघ. 'आरएस' असेल तर रॉबर्ट सॉन्डर्स, 'एफ' असेल तर फोर्ब्स, दोघेही कलकत्ता टाकसाळीचे मुख्य. काही नाण्यांवर काहीच नसतं. लेबलवर जे लिहिलंय त्याच्याशी ते जुळतंय का बघ, आणि तू ७५ धरलास तो निकाल त्याच प्रकाराचा होता का तेही.

दिवसाच्या उजेडात भेटा, आणि एका कागदावर दोन्ही नंबर, रोख रक्कम, तारीख लिहून दोघांनी सह्या करा, एकेक प्रत दोघांकडे.

कराडकर_नाणी

'एफ' आहे, काकांनी आत्ताच भिंगातून फोटो पाठवला. ७५ वाला निकाल पण 'एफ' चाच होता, परत उघडून बघितला. येत्या रविवारी सकाळी कोल्हापूरला जातोय, काका म्हणाले जेवायलाच या. दोघांच्या सह्यांचा कागद आज लिहून ठेवतो.